एका पेढीवरचे अनेक कारकून



वसंत व्याख्यानमालेच्या पंगतीत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण ही मंडळी मानाने बसतात. संगणकाचा प्रोसेसर हा पाहुणा त्यांच्याशेजारी पाटावर बसताना थोडा बिचकणारच. परंतु आज येथे जमलेल्या बहुतेकांच्या खिशात किंवा पिशवीत हा पाहुणा आमंत्रणावाचून आधीच येऊन बसला आहे. मोबाईल घ्यावयास गेले की दुकानदार सांगतो, "साहेब, आठ कोअरचा आहे." आपण मान डोलावतो. चारापेक्षा आठ दुप्पट, म्हणून काम दुप्पट वेगाने होणार, असे त्रैराशिक आपण मनातल्या मनात मांडून मोकळे होतो. हे त्रैराशिक येथे लागू पडत नाही. ते का पडत नाही, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. आणि ते सांगता सांगता हे यंत्र चालते कसे, हेही आपोआप सांगून होईल.

प्रोसेसर म्हणजे एक कारकून समजा. कारकून मोठा हुशार नव्हे, पण विलक्षण चपळ. त्याच्यापुढे आज्ञांची एक यादी ठेवलेली असते. पहिली आज्ञा उचलावी, तिचा अर्थ लावावा, सांगितलेली बेरीज वा तुलना करावी, उत्तर ठेवून द्यावे, आणि पुढची आज्ञा उचलावी. याखेरीज त्याला काही येत नाही. हे सारे एका घड्याळाच्या ठोक्यावर चालते. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी ठोके. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरात एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत प्रकाशाचा किरणसुद्धा केवळ दहा सेंटिमीटर जातो. सेकंदात तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश येथे वीतभरही सरकत नाही! कोअर या शब्दाचा अर्थ गाभा. आज्ञा उचलून ती पार पाडणारा हा जो प्रोसेसरचा गाभा, तो एकाच चिपवर एकापेक्षा अधिक वेळा कोरला की ती चिप अनेक कोअरची झाली. म्हणजे एका पेढीवर एक कारकून होता तेथे चार किंवा आठ बसविले.

आता प्रश्न असा की, एकाचे अनेक का करावे लागले? सुबत्ता आली म्हणून माणसे वाढवली, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात घडले ते उलट आहे.

इंटेल कंपनीचा ४००४ नावाचा पहिला प्रोसेसर १९७१ साली निघाला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचे ठोके सेकंदाला साडेसात लाखांच्या आतच होते. १९७८ च्या ८०८६ मध्ये ट्रान्झिस्टर २९,००० झाले, ठोके पन्नास लाख. १९९३ साली पेंटियम आला. त्याच्या निर्मितीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. त्यात ट्रान्झिस्टर एकतीस लाख, ठोके सहा कोटी. २००० साली पेंटियम-४ निघाला तेव्हा ठोके दीडशे कोटींवर गेले होते. तीस वर्षांच्या आत दोन हजार पट! या काळात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींची चैन होती. प्रोग्रॅम कसाही लिहा, दोन वर्षे थांबा, नवे यंत्र घ्या, तोच प्रोग्रॅम आपोआप अधिक वेगाने धावू लागे. घरबसल्या पगारवाढ मिळावी तसा हा प्रकार होता.

या चैनीच्या मागे एक नियम होता. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर लहान करीत गेले आणि त्याच प्रमाणात विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरवत नेले, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसतात, ते अधिक चपळपणे चालतात, आणि तरीही त्या जागेतून निघणारी उष्णता वाढत नाही. फुकटात मिळणारा असा लाभ निसर्ग क्वचितच देतो, आणि दिला तरी फार दिवस देत नाही. व्होल्टेज उतरत उतरत एक व्होल्टच्या आसपास आले आणि अडले. ट्रान्झिस्टरमधला अवरोधक थर मोजक्या अणूंच्या जाडीचा उरला होता; नळ बंद केला तरी पाणी ठिबकत राहावे तशी वीज बंद ट्रान्झिस्टरमधूनही झिरपू लागली. व्होल्टेज आणखी उतरवावे तर ही गळती भरमसाट वाढते. न उतरवावे तर उष्णता वाढते.

इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ साली शास्त्रज्ञांच्या एका परिषदेत इशारा दिला होता की, याच चालीने गेलो तर चिपच्या चौरस सेंटिमीटरमागची उष्णता अणुभट्टीच्या, मग अग्निबाणाच्या नळकांड्याच्या, आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला जाईल. इशारा देणाऱ्याच्या कंपनीला तो मानवला नाही, की ऐकू आला नाही, कोण जाणे. ठोके वाढविण्याची शर्यत आणखी तीन वर्षे चालली. मे २००४ मध्ये कंपनीने तिच्या पुढच्या प्रोसेसरची आखणी रद्द केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झच्या पेंटियमचे जाहीर केलेले आश्वासनही मागे घेतले, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका मोठ्या सभेत व्यासपीठावर अर्धे थट्टेने, अर्धे मनापासून गुडघे टेकून क्षमा मागितली. त्याला आता दोन दशके उलटून गेली. इतक्या वर्षांनंतरही घरगुती संगणकाचा कमाल वेग सहा गिगाहर्ट्झच्या आसपास घुटमळतो आहे, आणि तोही क्षणकालापुरता. दोन हजार पटींची चाल होती, ती दुपटीवरही धडपणे गेली नाही.

वेग वाढत नाही, पण ट्रान्झिस्टर मात्र लहान होतच आहेत, त्यांची संख्या वाढतेच आहे. त्यांचे करावयाचे काय? येथे एक छोटा हिशेब आहे, आणि सारा विषय त्यात सामावला आहे. चिपला लागणारी शक्ती ही व्होल्टेजच्या वर्गाला ठोक्यांनी गुणून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असते. ठोके कमी केले तर व्होल्टेजही थोडे उतरवता येते. समजा दोन्ही एकपंचमांशाने उतरवले, म्हणजे पूर्वीच्या ०.८ पट केले. ०.८ ला ०.८ ने दोनदा गुणा. उत्तर येते सुमारे ०.५१. म्हणजे वेग फक्त वीस टक्के गेला, पण उष्णता निम्मी झाली. आता उरलेल्या निम्म्या उष्णतेत तसाच आणखी एक मंद कोअर बसवा. दोघांची मिळून उष्णता पूर्वीच्या एकट्याएवढीच, आणि काम मात्र ०.८ अधिक ०.८, म्हणजे १.६ पट. एका धावत्या कारकुनाच्या जागी दोन चालणारे कारकून बसविणे किफायतीचे ठरले ते असे.

ही कल्पना रात्रीत सुचलेली नव्हती. स्टॅनफर्ड विद्यापीठात कुन्ले ओलुकोटुन आणि त्यांचे सहकारी १९९६ पासून एका चिपवर अनेक प्रोसेसर असावेत असे सांगत होते. आयबीएमने २००१ साली पॉवर-४ या मोठ्या यंत्रांसाठीच्या चिपवर दोन कोअर बसविलेही होते. परंतु तुमच्या-आमच्या टेबलावर हा प्रकार आला तो २००५ मध्ये, इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी एकाच एप्रिल महिन्यात दोन कोअरच्या चिपा बाजारात आणल्या तेव्हा. जाहिरातीत तो विजय म्हणून मिरवला गेला. उष्णतेपुढे घेतलेली ती माघार होती, हे जाहिरातीत कोण लिहिणार?

वरच्या हिशेबात मी एक शब्द मुद्दाम गाळला होता. काम १.६ पट होईल, ते काम वाटून देता येत असेल तर. या 'तर' मध्ये सगळे पाणी मुरते.

कारकुनांच्या पेढीवरच परत जाऊ. प्रत्येक कारकुनाच्या मेजाला एक छोटा खण आहे. त्यात हाताशी लागणारे कागद असतात. तेथून कागद काढावयास चारपाच ठोके पुरतात. मागे एक सामाईक कपाट आहे, त्याला काही दहा ठोके. आणि दूर वखार आहे, तीच आपली मुख्य मेमरी. तेथून कागद आणावयाचा तर दोनतीनशे ठोके जातात, आणि तोवर कारकून हातावर हात ठेवून बसतो. या खणाला आणि कपाटाला कॅश म्हणतात. पेढीवर कॅश म्हणजे रोकड. येथे उच्चार तोच, अर्थ मात्र दडवून ठेवलेला साठा असा आहे. एकूण कामाचा वेग कारकुनाच्या हुशारीवर जितका अवलंबून असतो तितकाच त्याच्या खणात योग्य कागद असण्यावर असतो. शिवाय पेढीवर एक दिवाणजी आहेत. ते म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. कोणते काम कोणाकडे द्यावयाचे, कोणाला किती वेळ द्यावयाचा, कोणाला झोपू द्यावयाचे, हे ते ठरवितात. परंतु एकच अखंड काम आले तर त्याचे आठ तुकडे करणे दिवाणजींच्या हाती नाही. ते काम आणणाऱ्याने, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच, तुकडे पाडून आणले पाहिजे.

आता अडचण पाहा. वखारीतल्या खतावणीच्या एकाच पानाची नक्कल दोघा कारकुनांच्या खणात आहे. एकाने आपल्या नकलेत आकडा बदलला. दुसऱ्याच्या खणात जुनाच आकडा आहे आणि तो त्यावरून हिशेब करतो आहे. हे चालणार कसे? म्हणून प्रत्येक पानावर चारांपैकी एक खूण ठेवतात: मी यात बदल केला आहे, हे पान एकट्या माझ्याकडे आहे, हे पान इतरांकडेही आहे, हे पान बाद. ज्याला लिहावयाचे असेल त्याने आधी सर्वांना ओरडून सांगावयाचे की, या पानाच्या तुमच्या नकला बाद समजा. आणि मगच लेखणी टेकवावयाची. ही शिस्त इलिनॉय विद्यापीठातील मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी १९८४ साली मांडली, आणि आजच्या बहुतेक चिपांमधली शिस्त तिच्याच कुळातली आहे. ही ओरड प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही, पण वेळ खातेच. एक गंमत म्हणजे ही नक्कल एकेका आकड्याची होत नाही. साधारण चौसष्ट बाइटचे पानच्या पान येते. दोघा कारकुनांचे आकडे अगदी वेगळे असले, एकमेकांशी काही संबंध नसला, तरी ते योगायोगाने एकाच पानावर पडले की ते पान दोघांच्या खणांमध्ये सारखे येरझारा घालू लागते. मग एका कारकुनाने केले असते त्याहून दोघांनी केलेले काम सावकाश होते!

तरी ही शिस्त नकला जुळविण्यापुरतीच आहे. तिच्यानेही न भागणारी एक चूक आहे, आणि तीच सर्वांत घातक. खात्यावर ५,००० रुपये आहेत. एका कारकुनाकडे १,००० जमा करावयाचे आहेत, दुसऱ्याकडे ५०० नावे टाकावयाचे. पहिल्याने शिल्लक वाचली: ५,०००. त्याच क्षणी दुसऱ्यानेही वाचली: ५,०००. पहिल्याने ६,००० लिहिले. दुसऱ्याने त्यावर ४,५०० लिहिले. शिल्लक ५,५०० असावयास हवी. हजार रुपये हवेत विरले. दोघांपैकी कोणीही बेरीज-वजाबाकी चुकलेला नाही. वाचणे, मोजणे आणि लिहिणे या तीन क्रियांच्या मध्ये दुसऱ्याचा हात शिरला, एवढेच.

यावर उपाय कुलुपाचा. खात्याला हात लावण्यापूर्वी किल्ली घ्यावी, काम संपल्यावर परत करावी, तोवर इतरांनी थांबावे. हॉलंडचे एट्सखेर डाइकस्ट्रा यांनी १९६५ साली या प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर प्रसिद्ध केले. परंतु कुलुपे आली की त्यांची दुखणीही आली. दोन खाती आहेत. एका कारकुनाने पहिल्याची किल्ली घेतली आहे आणि तो दुसरीची वाट पाहतो आहे. दुसऱ्याने दुसऱ्याची घेतली आहे आणि तो पहिलीची वाट पाहतो आहे. "पहिले आप" म्हणणारे निदान कधीतरी हसून उठतात. ही यंत्रे मात्र जगबुडीपर्यंत बसून राहतील.

ही सगळी पुस्तकी भीती आहे, असे कोणाला वाटेल. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्याची कारणे अनेक होती. वाढलेल्या झाडांना विजेच्या तारा टेकल्या, हे त्यातले एक. परंतु ओहायो राज्यातल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रणकक्षात धोक्याची घंटा वाजविणारा प्रोग्रॅम त्या दुपारी मुका झाला होता, आणि तेथे बसलेल्या माणसांना तासाभराहून अधिक काळ त्याचा पत्ताच नव्हता. पडद्यावर सारे आलबेल दिसत होते. पुढे कित्येक आठवडे लक्षावधी ओळी तपासल्यानंतर दोष सापडला: दोन कामांनी एकाच वेळी एकाच माहितीवर लिहिले होते. असे घडण्याची फट काही सहस्रांश सेकंदांची होती. ती व्यवस्था वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली होती, आणि ती फट नेमकी त्या दुपारी गाठली गेली. या जातीचा दोष हुडकणे म्हणूनच इतके कठीण. तपासावयास बसावे तर तो येत नाही; शंभर वेळा चालवून पाहावे तर शंभरही वेळा उत्तर बरोबर येते. एक कोअर असतानाही कामे आळीपाळीने चालत, त्यामुळे हा दोष तेव्हाही होता. परंतु जेथे आठ हात खरोखरच एकाच क्षणी चालतात, तेथे त्याला सापडणाऱ्या फटी कितीतरी वाढतात.

तेव्हा कुलुपे हवीत, आणि कुलूप म्हणजे थांबणे. थांबण्याची किंमत किती, हे जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच मांडून ठेवले आहे. मौज अशी की, अनेक प्रोसेसरांच्या नादी लागू नका, एकच चांगला करा, हे सांगण्यासाठी त्यांनी तो हिशेब केला होता. एक काम शंभर मिनिटांचे आहे. त्यातली नव्वद मिनिटे वाटून देता येतात, दहा देता येत नाहीत. दिवाळीच्या वहीपूजनाआधी सर्व खात्यांच्या बेरजा दहा जण वाटून करतील, पण शेवटचा ताळेबंद एकानेच जुळवावा लागतो, तसे. चार कारकून लावा: दहा अधिक साडेबावीस, साडेबत्तीस मिनिटे. चौपट नव्हे, तिप्पट वेग. सोळा लावा: साडेपंधरा मिनिटांहून किंचित अधिक, वेग ६.४ पट. चौसष्ट लावा: पावणेनऊ पटीच्या आसपास. आणि सगळ्या गावाला कामाला लावले तरी ती दहा मिनिटे दहाच राहतात. दहा पटीच्या पुढे जाणे कदापि शक्य नाही. न वाटता येणारा दहावा हिस्सा उरलेल्या नऊ हिश्शांवर राज्य करतो.

मग अनेक कोअर फसवे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. काही कामे जात्याच वाटली जाणारी असतात. छायाचित्रातला वरचा कोपरा उजळताना खालच्या कोपऱ्याची परवानगी लागत नाही. हवामानाच्या गणितात प्रदेशाचे चौकोन पाडून एकेक चौकोन एकेकाकडे देता येतो, आणि शेजारच्या चौकोनापुरतीच विचारपूस करावी लागते. हे आपल्याकडेही फार पूर्वी ओळखले गेले होते. हवा तो शक्तिशाली महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ साली तेथे परम ८००० तयार झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर शोधत बसण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या चौसष्ट ब्रिटिश चिपा एकमेकींशी जोडून त्यांच्यात काम वाटले होते. त्या वेगवेगळ्या चिपा होत्या, एका चिपवरचे कोअर नव्हते, हा फरक आहे. पण काम तोडावयाचे कसे, तुकड्यांनी परस्परांशी बोलावयाचे कसे, हे त्या पुण्याच्या मंडळींना जे प्रश्न पडले, तेच आज मोबाईलचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विशीतल्या मुलामुलींना पडतात.

आता दुकानदाराच्या त्या आठ कोअरांकडे वळतो. ते आठही बहुधा सारखे नसतात. एआरएम या ब्रिटिश कंपनीने २०११ साली जाहीर केलेल्या रचनेपासून मोबाईलमध्ये काही कोअर मोठे आणि काही लहान ठेवण्याची चाल पडली. लहान कोअर सावकाश चालतात, पण वीज फार थोडी खातात. आपण निरोप लिहीत असताना एखाददुसरा लहान कोअर जागा असतो, बाकीचे झोपलेले. व्हिडिओ बनवावयास घेतला की दिवाणजी मोठ्यांना हाक मारतात. आणि सगळ्यांनाच बराच वेळ पूर्ण वेगाने राबविले तर हातातला मोबाईल तापतो, आणि दिवाणजी स्वतःच ठोके उतरवू लागतात. म्हणजे २००४ साली ज्या उष्णतेने वाट अडवली, ती अजून दारातच उभी आहे. आठ कारकुनांचा पगार दिला, पण आठांना एकदम बसावयास पुरेल इतकी हवा त्या खोलीत नाही.

प्रोसेसरांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत म्हणून दोन आकडे वेगवेगळे देतात: एकटा कोअर किती काम करतो त्याचा एक, आणि सर्वांनी मिळून केलेल्या कामाचा दुसरा. एखादे अॅप उघडावयास किती वेळ लागतो, बोट लावल्यावर पडदा किती चटकन हलतो, हे बरेचसे पहिल्या आकड्यावर ठरते, कारण त्या कामातला न वाटता येणारा हिस्सा मोठा असतो. शेकडो छायाचित्रे एकदम सुधारावयाची, लग्नाच्या व्हिडिओची जुळणी करावयाची, तर दुसरा आकडा पाहावा. दुकानदार कोअरांची संख्या आपण होऊन सांगतो. हे दोन आकडे मात्र विचारल्याखेरीज सांगत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेले मी पाहिले आहे. कोणाला काही विचारावयाचे असल्यास मी थांबलो आहे.